नळाची पाळी

सेलूच्या स्टेशनवर अण्णांनी बॅग माझ्या हातातून घेतली,
जरा उचलली, जरा झोकली, म्हणाले,
"एकोणीस. काहीच आणलं नाहीस की."
तीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर गेलेला हात.
एकोणीसच होते.

घरात माझ्यासाठी कोरा टॉवेल.
विकतच्या पाण्याचा जार, त्यावर क्रोशाचा रुमाल.
न्हाणीत कागदाचा गुलाबी रोल
खिळ्याला सुतळीनं बांधलेला.
"तुला लागतो की तिकडं," आई म्हणाली, माझ्याकडं न बघता.

मी काय बोलणार.
मागच्या जूनमध्ये, ओडेन्सच्या माझ्या दोन खोल्यांत
मीही संडासात झाडांना पाणी घालायची हिरवी झारी ठेवली होती,
तांब्या म्हणून.

एकवीस दिवस राहिले दोघं.
रजा मला सहाच मिळाली.
फ्रिजवर मी कागद चिकटवला होता:
कुठली किल्ली कशाची, कुठला कचरा कुठल्या डब्यात,
तळघरातलं धुण्याचं मशीन बुधवारी चार ते सहा आपलं,
फोडणीआधी खिडकी.
अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.
"घर आहे का तहसील?"

मग त्यांना बाटल्यांचा नाद लागला.
रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की पैसे परत,
आणि त्या पैशांना तिथं म्हणतात 'पँट'.
रोज दुपारी पिशवी घेऊन नदीकाठी.
"आज साडेसतरा क्रोनर पँट मिळाली,"
असं सेलूला फोन करून सांगायचे, मोठ्यानं हसत.
मला ऑफिसातलं कुणी बघेल का, याची धास्ती.

आईचं वेगळंच. रात्री दहापर्यंत ऊन,
मग दिवेलागण कधी धरायची?
तिनं सेलूचं घड्याळ धरलं.
टळटळीत उन्हात, दुपारी साडेतीनला
माझ्या स्टीलच्या वाटीत वात पेटायची.

पहाटे सहाला ज्वारीची भाकरी. थाप, थाप, थाप.
खालच्या किर्स्टनची चिठ्ठी दारात,
शेवटी हसरा चेहरा काढलेला.
मी चिठ्ठी मराठीत सांगितली, चेहरा सोडून.
त्या दिवसापासून आई हळू थापायला लागली.
भाकरीच्या कडा फाटायच्या.
कुणी काही म्हटलं नाही, खाल्ल्या.

आणि पाणी.
झोपायच्या आधी ती सगळं भरून ठेवायची:
पातेली, किटली, सॅलडचं काचेचं भांडं,
फुलदाण्यासुद्धा.
सकाळी मी ते सिंकमध्ये ओतायचे, कामाच्या घाईत.
बाराव्या दिवशी ओरडले,
"आई, इथलं पाणी जात नसतं!"
"बरं," म्हणाली.
दुसऱ्या दिवशी भांडी सगळी कोरडी.
फक्त शेगडीच्या मागं एक पातेलं,
ताटली झाकून, कुणाला दिसू नये असं.

आज इथं आठवा दिवस. नळाची पाळी.
रात्री पावणेतीनला भिंतीपलीकडून शहेनाजचाचीची हाक,
"मालन, पानी आया गे!"
अंधारात आई चवड्यांवर चालते,
घागरीचा काठ घागरीला लागू देत नाही.
माझ्या दाराशी थांबते, दार ओढून घेते.

मी पडून आवाज ऐकते.
रिकाम्या हंड्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज जाड असतो,
भरत येताना बारीक होत जातो.
कुठला हंडा कुठं पोचला, मला इथूनच कळतं.

उठले.
"झोप गं. तू कशाला उठायलीस? सकाळी अंग दुखंल."
"सरक."
पिण्याचं आधी, मग माठ, मग टाकी, मग बादल्या.
हाताला क्रम पाठ होता, मला नव्हता.
अण्णा ओसरीवर घोरतात.
जार अर्धा झाला होता, त्याचा रुमाल काढून
तोही नळाखाली धरला.
"ते पाणी तुला बाधंल," आई म्हणाली,
पण हात धरला नाही.

धार बारीक व्हायला लागली.
"तिकडं आता कोण भरतं?"
"कुणी नाही. तिथला नळ जात नाही, आई."
"तरी," ती म्हणाली,
आणि पुढची बादली सरकवली.